वाइनची द्राक्षं आणि वाढतं ऊन: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हंगामात फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात. जालना, संभाजीनगर, बीड, लातूर, धाराशिव. माणसं वेगळी, प्रश्न मात्र एकच. जानेवारी ते मार्च तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, थोडे आवरून. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथं एकाचा दुसऱ्याशी धागा आहे, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाइनची द्राक्षं म्हणजे आपली थॉमसन, सोनाकाच ना? मग वेगळं काय शिकायचं?

नाही. त्या खायच्या जाती. खायच्या द्राक्षात आपल्याला मोठा, कुरकुरीत, बिनबियांचा मणी हवा असतो. त्यासाठी आपण जीए (मणी वाढवणारं संप्रेरक) देतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. वाइनला नेमकं उलटं लागतं: लहान मणी, जाड साल, आत बिया. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून येतो. बहुतेक लाल जातींचा गर बिनरंगीच असतो. मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. म्हणून शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों या लाल जातींचे मणी फुगवायला जाऊ नका. थॉमसनच्या बागेत कमावलेली निम्मी सवय इथं विसरावी लागते, आणि जुन्या बागायतदाराला तेच सगळ्यात जड जातं.

२. मराठवाड्यात ऊन काय नवीन आहे? एक-दीड अंशानं द्राक्षाला काय होणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्तही आहे. उत्तर आपल्या छाटणीच्या वेळापत्रकात आहे.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि उन्हाळा सरता सरता त्याचं फळ पिकतं. म्हणजे शेवटचे आठवडे हवा थंड होत जाते. आपल्याकडं वेलाला झोपायला थंडीच पुरत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) घेतो, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळासाठी) घेतो, आणि फळ जानेवारी ते मार्च या काळात पिकवतो. थोडक्यात, त्यांचं द्राक्ष उन्हातून थंडीकडं पिकतं, आपलं थंडीतून उन्हाकडं. जानेवारीत आपल्याकडं रात्रीचं तापमान साधारण १२ ते १४ अंश असतं. मार्चच्या मध्याला दुपारी ३५-३६ होतं. या दोन टोकांमध्ये जे थोडे आठवडे मिळतात, त्यातच सगळं जमवायचं असतं. हवा एक-दीड अंशानं तापली तर ही फट पुढून आवळली जाते. फेब्रुवारीचा शेवट मार्चसारखा वागायला लागतो.

तिकडंही हेच चाललंय. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बोन या गावात द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासूनची आहे. १९८८ नंतर तिथली तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा जवळपास १३ दिवस अलीकडं सरकली. म्हणजे त्यांचं पिकणं आता जास्त उन्हात सापडतंय. आपण ज्या प्रश्नात आधीपासून उभे आहोत, त्यात तेही येऊन उभे राहिलेत.

जाता जाता: चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, याचं नवल त्यानं लिहून ठेवलंय. वेल न झोपण्याची गोष्ट तेव्हाचीच आहे.

३. मण्यात पाणी उतरल्यावर आत नेमकं काय चालतं?

पाणी उतरणं म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागणं. तोपर्यंत मणी हिरवा, टणक आणि आंबट असतो. तो आम्ल साठवत असतो. पाणी उतरलं की चार कामं एकदम सुरू होतात. पानांकडून आलेली साखर मण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन साठते. आम्ल कमी होत जातं. लाल जातींत सालीत रंग तयार होतो. आणि वास देणारे घटक बनतात किंवा मोडतात, त्याच काळात बिया तपकिरी होतात.

चार बैलांचं औत समजा. हवा बेताची असेल तर चौघे बरोबर चालतात. उष्णता वाढली की साखरेचा बैल पुढं ओढतो, आम्लाचा तर धावतच सुटतो, आणि रंगाचा मागं राहतो. पुढचे बहुतेक प्रश्न नांगराच्या या वाकड्या तासाचेच आहेत.

४. साखर लवकर भरली तर चांगलंच की! लवकर तोडा, लवकर पैसे.

खायच्या द्राक्षात ठीक आहे. वाइनमध्ये साखर म्हणजे पुढचं अल्कोहोल. एक लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल होतं. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची साधारण टक्केवारी. २४ ब्रिक्सचा माल साधारण साडेतेरा-चौदा टक्क्यांची वाइन देतो. २७ ब्रिक्सचा पंधराच्या वर जातो. अशी वाइन घशाला जळते, आणि रस आंबवणारं यीस्टही शेवटी थकतं.

दुसरी बाजू जास्त अवघड आहे. साखर २२ वर आली, पण बिया अजून हिरव्या आणि सालीला रंग नाही. तोडलं तर कच्चट, तुरट वाइन. थांबलं तर साखर वर आणि आम्ल खाली. गरम वर्षात बागायतदार या दोन्हींच्या मधे अडकतो. लवकर भरलेली साखर म्हणजे लवकर पिकलेलं द्राक्ष नव्हे.

५. द्राक्ष गोड झालं, पण चव पानचट का लागते? आंबटपणा जातो कुठं?

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात: टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक उष्णतेत बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक मात्र मणी श्वसनात जाळतो, आणि हवा जितकी गरम तितकं ते लवकर जळतं. हे जळणं रात्रीही थांबत नाही. म्हणून दुपारच्या आकड्यापेक्षा मी रात्रीच्या आकड्याकडं जास्त बघतो. दिवसा ३३ अंश आणि रात्री १३ असेल तर बागेची फार चिंता नाही. दिवसा तेच ३३, पण रात्री २० असेल तर सकाळी मणी चाखून बघा, फरक जिभेला कळतो.

शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशा पांढऱ्या जातींचा सगळा ताजेपणा या आम्लावर असतो. त्यांना हा फटका आधी बसतो.

६. ब्रिक्स २४ होता, तरी वायनरीनं दर कापला. मीटर खोटं का वायनरी?

दोन्ही खरे असू शकतात. हे मी स्वतः भोगलंय. एका वर्षी माझ्या शिराझचा ब्रिक्स साडेचोवीस होता, माल दिसायला देखणा. वायनरीच्या माणसानं पीएच (आंबटपणाचं माप; आकडा चढा तितका आंबटपणा कमी) मोजला, तो ३.८ च्या वर निघाला, आणि करारातला खालचा दर लागला. चार दिवस मी त्यांना शिव्या दिल्या. नंतर करारपत्र काढून वाचलं, तर पीएचची अट त्यात पहिल्यापासून होती. मी फक्त रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्सचं मीटर) घेऊन फिरत होतो.

वायनरीला पीएच एवढा का खुपतो, हे एका हिशोबावरून कळेल. वाइन बिघडू नये म्हणून तिच्यात सल्फाइट घालतात. त्यातला जो भाग जंतूंवर खरं काम करतो तो पीएच ३.२ ला साधारण ४ टक्के असतो आणि ३.८ ला जेमतेम १ टक्का. म्हणजे तेवढ्याच संरक्षणाला चौपट सल्फाइट. शिवाय चढ्या पीएचला लाल रंग फिका, निळसर पडतो.

पीएच चढण्याची कारणं दोन. एक उष्णता (प्रश्न ५). दुसरं आपल्याच हातातलं: पोटॅश. खायच्या द्राक्षाला गोडी यावी म्हणून शेवटी शून्य-शून्य-पन्नास हे पोटॅशचं खत सोडायची सवय असते. वाइनच्या मण्यात गेलेलं जास्तीचं पोटॅशियम आम्लाचा जोर मारतं आणि पीएच वर ढकलतं. देठ परीक्षणात पोटॅशची कमतरता दिसली नसेल तर पाणी उतरल्यावर ड्रिपमधून पोटॅश सोडायचा हात आवरा. आणि एक साधं पीएच मीटर घ्या. ते वेळोवेळी बफर द्रावणात तपासून घ्यावं लागतं, नाहीतर तेही खोटं बोलतं.

७. घड भरलाय पण रंगच चढत नाही. औषध सांगा.

औषध नाही, कारण आहे. सालीतला लाल-जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन. तो पाणी उतरल्यापासून बनतो, आणि उष्णतेत दोन बाजूंनी मार खातो: बनणं मंदावतं, बनलेला मोडतो. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये कॅबरनेचे वेल २५ आणि ३५ अंशांवर ठेवून पाहिले होते. ३५ अंशांवर रंग निम्म्याहून कमी भरला.

इथं हवामान खात्याचा आकडा फसवतो. तो सावलीतल्या हवेचा असतो. थेट उन्हातला काळा मणी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनीही जास्त तापू शकतो. मोबाइलवर ३२ दिसत असताना पश्चिमेकडचा घड चाळिशीच्या पुढं असतो. मग करायचं काय, ते प्रश्न ८ मध्ये.

८. रंगासाठी घडाजवळची पानं काढू का? थॉमसनमध्ये तर काढतो.

एकाच बाजूची काढा. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेकडची, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन लागणारी बाजू थोडी मोकळी करा. पश्चिमेला हात लावू नका. दुपारी दोनचं ऊन त्याच बाजूनं येतं. दोन्ही बाजू उघड्या केल्या की आधी मणी तांबूस-तपकिरी भाजतात, मग सुकतात.

अगदी दाट सावलीही नको. तिथं भुरी (बुरशीचा रोग) बसते आणि कॅबरनेत हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास राहतो. तो वास देणारा घटक उजेडात आणि उबेत कमी होतो. उष्णतेनं झालेला हा एक फायदा म्हणा. पण शिराझचा काळ्या मिरीसारखा वास त्याच उष्णतेत जातो, आणि तो गेल्याचं मला जास्त वाईट वाटतं. घडावर ठिपक्या-ठिपक्यांचं ऊन पडावं, एवढं सूत्र पुरे.

शेडनेटबद्दलही विचारतात. पश्चिम बाजूला घडांच्या उंचीवर पट्टी लावली तर भाजणं थांबतं. पूर्ण मांडव झाकू नका, पानांना उजेड लागतो.

९. आठवड्यात ब्रिक्स २२ वरून साडेचोवीसवर गेला. एवढी साखर खरंच भरली का?

बहुधा नाही. मणी सुकला. ३५ अंशांच्या पुढं पानं आपली छिद्रं मिटून घेतात, साखर बनणं मंदावतं, पण मण्यातलं पाणी उडत राहतं. रस आटला की मीटर वर चढतं, जशी दूध आटवल्यावर बासुंदी गोड लागते.

तपासायला वजनकाटा पुरतो. बागेत फिरून, वेगवेगळ्या वेलांवरून, घडाच्या वरून-खालून-मधून १०० मणी घ्या. वजन करा, ब्रिक्सनं गुणा आणि शंभरनं भागा. समजा आधी १०० मणी १२० ग्रॅम, ब्रिक्स २२: साखर साधारण २६.४ ग्रॅम. आठवड्यानं वजन १०८ ग्रॅम, ब्रिक्स २४.५: साखर २६.५ ग्रॅम. म्हणजे नवीन साखर जवळपास काहीच आली नाही. तुम्ही आठवडा थांबून बारा ग्रॅम वजन घालवलं, आणि पैसे किलोवर मिळतात. शिराझमध्ये हे विशेष होतं. तिचे मणी शेवटी शेवटी सुरकुततातच. असा आकडा दिसला की बी चावून बघा. ती तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर तोडणी लावा.

१०. लोक म्हणतात वाइनच्या द्राक्षाला पाण्याचा ताण द्यावा. आमच्याकडं ताण देवच देतो, आणखी किती द्यायचा?

ताण कधी दिला यावर सगळं आहे. मणी हरभऱ्याएवढा झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत हलका ताण दिला तर मणी लहान राहतो आणि शेंड्याची वाढ थांबते. हा उपयोगाचा ताण. पाणी उतरल्यानंतर ऐन उन्हात दिलेला ताण म्हणजे प्रश्न ९ मधलं सुकणं आणि वर पानगळ. पारा चढणार असा अंदाज आला की उन्हाची लाट यायच्या आधी पाणी द्या. लाट आल्यावर दिलेलं पाणी भाजलेल्या मण्याला परत आणत नाही.

आपल्याकडची खरी अडचण अशी की फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यायला पाणीच नसतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं बागेचं काय बोलणार. जालन्याच्या कडवंचीनं शेततळ्यांच्या भरवशावर बागा उभ्या केल्या. ज्याला वाइनची जात लावायची आहे त्यानं आधी शेततळ्याचा हिशोब मांडावा, मग रोपांचा. बोदावर (वेलांच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) पाचटाचं आच्छादन करा. आणि विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर खारट होतं, त्याची तपासणी जानेवारीतच करून घ्या.

११. मग छाटणीच मागं-पुढं करून ऊन चुकवता येत नाही का?

येतं, आणि आपल्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे. युरोपातल्या शेतकऱ्याला ते मिळत नाही. त्याचा वेल निसर्ग सांगेल तेव्हाच फुटतो. पण हे हत्यार दुधारी आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला गोडी छाटणी घेतली तर फळ जानेवारीच्या थंड रात्रींत पिकेल, पण पोंगा (नवी फूट) आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडेल. मग डावणी (बुरशीचा रोग), घड जिरणं (कोवळा घड नाहीसा होणं), आणि फवारण्यांचा खर्च. ऑक्टोबरच्या शेवटी घेतली तर पावसातून सुटाल, पण पिकणं मार्चमध्ये जाईल. शिवाय छाटणी पंधरा दिवस पुढं ढकलली म्हणजे तोडणीही बरोबर पंधरा दिवस पुढं जाते असं नाही. शेवटचा टप्पा उन्हात सापडला की तो भराभर उरकतो.

माझी पद्धत सांगतो, तुमच्या जमिनीला जुळेल का ते बघा. ज्या जातीला जास्त दिवस लागतात ती आधी छाटायची, म्हणून कॅबरने पहिली. शेनिनला कमी दिवस लागतात, ती नंतर. आणि एका जातीची सगळी बाग एका दिवशी कधीच छाटायची नाही; दोन-तीन तुकडे, मधे आठ-दहा दिवस. एखादा तुकडा दरवर्षी फसतोच. सगळी बाग फसत नाही, एवढंच.

१२. उन्हाला टिकणारी जात कोणती?

उष्ण भागांत रुळलेल्या जाती जास्त सोसतात: शिराझ, ग्रेनाश, टेंप्रानियो. शेनिन ब्लाँ पांढऱ्यांत त्यातल्या त्यात आम्ल धरून ठेवते. थंड हवेच्या पिनो न्वारच्या नादी मराठवाड्यात कोणी लागू नये. जाती बदलायची वेळ फ्रान्सच्या बोर्डो भागावरही आली. तिथं २०२१ मध्ये सहा नव्या जातींना मर्यादित परवानगी मिळाली. त्यातली तुरिगा नासियोनाल ही उष्ण पोर्तुगालची.

खुंटाबाबत (ज्या मुळावर कलम करतो तो वेल): डॉगरिज जोमदार आहे, आणि जोम म्हणजे पानांची गर्दी. ११०-आर दुष्काळ सोसतो आणि वाढ आवरती ठेवतो. लावण्याआधी वायनरीशी लेखी करार आणि पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला, दोन्ही घ्या. जात चांगली पण घेणारा नाही, असं झालं तर वाइनचं द्राक्ष मंडईत कोणी विचारत नाही.

१३. आम्ल कमी पडलं तर वायनरीत टार्टारिक घालतात म्हणे. मग आम्ही कशाला जीव काढायचा?

घालतात, आणि उष्ण देशांत ते सर्रास चालतं. पण घातलेल्या आम्लाचा काही भाग पोटॅशियमबरोबर स्फटिक होऊन टाकीच्या तळाशी बसतो, म्हणजे पोटॅश जास्त असलेल्या मालाला (प्रश्न ६) आणखी घालावं लागतं. रंग आणि वास तर पिशवीतून घालता येत नाही. आणि त्याचा खर्च शेवटी तुमच्याच दरातून निघतो.

१४. थंडीची लाट आली तर वाइनच्या द्राक्षाचं नुकसान होतं का? थॉमसनमध्ये पिंक बेरी होते, म्हणून भीती वाटते.

पाणी उतरल्यानंतर आलेली थंडी वाइनच्या लाल द्राक्षाला लाभतेच. थॉमसनमध्ये रात्र फार थंड आणि दिवस गरम झाला की मणी गुलाबी पडतो आणि निर्यातीचा माल मार खातो. लाल वाइनच्या बागेत आपण नेमकी तीच तफावत मागत असतो. शेजाऱ्याच्या थॉमसनच्या बागेत रात्री शेकोट्या पेटल्या म्हणून तुम्ही पेटवू नका. अपवाद फुलोऱ्याचा: त्या वेळी कडाक्याची थंडी पडली तर सेटिंग (फुलांचे मणी धरणं) बिघडतं.

१५. पिकताना अवकाळी पाऊस झाला तर?

फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवते ना. तशी गार पडली तर कोणतंच उत्तर नाही. नुसता पाऊस असेल तर मणी पाणी ओढतो, ब्रिक्स खाली येतो, घट्ट घडात मण्यांना तडे जाऊन कूज लागते. दोन-तीन कोरडे दिवस मिळाले तर ब्रिक्स परत चढतो. तडे गेलेले घड मात्र थांबवू नका, ते त्याच दिवशी बाजूला काढा.

१६. वायनरीनं माल घेतला नाही तर बेदाणा करू का?

बिया आहेत, मणी लहान आहे, साल जाड आहे. कोण खाणार? नाही.

१७. तोडणी पहाटेच का? आमच्या गावात पहाटे मजूर येत नाहीत.

दुपारी तोडलेला मणी आतून तापलेला असतो. जालन्याहून नाशिकला माल जायला चार-पाच तास लागतात, लातूरहून त्याहून कितीतरी जास्त. तेवढ्या वेळात क्रेटच्या तळाचे मणी फुटतात, रस गळतो, आणि गरम रसात यीस्ट वायनरीच्या आधीच कामाला लागतं. बागेत सांभाळलेलं आम्ल आणि वास रस्त्यात जातो.

पहाटे चारला हेडलँपवर तोडणी लावा आणि उन्हं वर यायच्या आत थांबवा. मजुरी जास्त द्यावी लागते, पण सकाळी दहाला सुट्टी म्हटलं की माणसं मिळतात. बायकांना घरचं उरकायला दिवस मोकळा सापडतो, त्या खुशीनं येतात. क्रेट काठोकाठ भरू नका. भरलेले क्रेट बांधावर उन्हात नको, झाडाखाली ठेवा. आणि गाडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा की वाटेत चहाला थांबलास तर गाडी सावलीत लाव. दोनदा सांगा, कारण ढाब्यावर सावलीची जागा तो स्वतःच्या बाजेसाठी धरतो.